अभिज्ञानाची पट्टी : खाणींतील जुन्या विद्युत इंजिनांची ओळख आणि पाठचिकित्सेची दृष्टी

१. प्रश्नाचे स्वरूप

खाणी बंद पडलेल्या प्रदेशांत त्यांच्या स्मरणार्थ जतन केलेल्या वस्तूंमध्ये एक यंत्र वारंवार आढळते. त्याची उंची माणसाच्या कमरेइतकी किंवा फार तर खांद्याइतकी असते. वर छप्पर नाही, चालकासाठी एका टोकाला जेमतेम बसता येईल एवढी खोबण, दोन्ही बाजूंना जाड लोखंडी चौकट आणि खाली चार चाके, असे त्याचे रूप असते. पेनसिल्व्हेनियापासून वेल्सपर्यंत आणि सॅक्सनीपासून रूरपर्यंत संग्रहालयांच्या आवारांत व खाणगावांच्या चौकांत अशी विद्युत इंजिने ठेवलेली दिसतात. ते इंजिन कोणी बांधले, केव्हा बांधले, कोणत्या खाणीसाठी बांधले आणि प्रत्यक्षात कोणत्या खाणीत चालले, हे त्याच्याविषयीचे चार मूलभूत प्रश्न होत. यंत्राच्या नुसत्या दर्शनाने त्यांतील एकाचेही निर्णायक उत्तर मिळत नाही.

उत्तराचा आरंभ ज्या वस्तूपासून होतो, ती म्हणजे निर्मात्याची पट्टी. कारखान्यांच्या बोलीत तिला ‘मेकर्स प्लेट’ किंवा नुसते ‘नेमप्लेट’ म्हणतात. पितळेची ओतीव, बिडाची किंवा पत्र्यावर ठसे उमटवलेली अशी ही तळहाताएवढी अथवा थाळीएवढी वस्तू इंजिनाच्या चौकटीवर रिबिटांनी वा स्क्रूंनी जडवलेली असते. तिच्यावर निर्मात्याचे नाव, गाव, कारखाना-क्रमांक आणि कधी वर्ष, वजन, व्होल्टता असा मोजका मजकूर असतो. जुनी इंजिने ओळखू पाहणारे अभ्यासक प्रथम हिचाच शोध घेतात.

साहित्याच्या अभ्यासकाला या व्यवहारात एक परिचित घाट दिसेल. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त ओळख पटवणारी खूण ही धारण करणाऱ्या व्यक्तीपासून सुटी होऊ शकणारी वस्तू आहे आणि नाटकातील सर्व अनर्थ त्या सुटे होण्यातून उद्भवतो. अ‍ॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या सोळाव्या प्रकरणात अभिज्ञानाचे प्रकार सांगताना बाह्य खुणांवरून होणाऱ्या ओळखीला सर्वांत कमी कलात्मक ठरवले. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र पुष्कळदा बाह्य खुणेवाचून दुसरा आधार नसतो. म्हणून ती खूण किती विश्वसनीय, कोणत्या बाबतीत विश्वसनीय आणि कोणत्या अटींवर विश्वसनीय, याचा विचार त्याला करावाच लागतो. पट्टी ही यंत्राची ओळख स्वतः सिद्ध करत नाही. ती एक साक्ष आहे आणि कारखान्याची नोंदवही व यंत्राचा देह या दोन स्वतंत्र साक्षींशी ताडून पाहिल्यावरच तिला प्रामाण्य येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हीच पाठचिकित्सेची रीत होय.

२. नाव असलेले पहिले यंत्र आणि क्रमांकांची संतती

विजेवर चालणाऱ्या इंजिनाचा जन्मच खाणीच्या गरजेशी जोडलेला आहे. १८७९ च्या बर्लिन येथील औद्योगिक प्रदर्शनात सीमेन्स व हाल्स्के या पेढीने सुमारे ३०० मीटर लांबीच्या वर्तुळाकार रुळांवर प्रवाशांना फिरवणारे जे छोटे विद्युत इंजिन चालवले, ते मुळात कोटबुस येथील कोळशाच्या खाणीसाठी योजलेले होते. आज ते म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. प्रत्यक्ष भूगर्भात विद्युत इंजिन नियमितपणे चालू झाले ते १८८२ मध्ये, सॅक्सनीतील ड्रेस्डेनजवळच्या झाउकेरोडे येथील कोळसा-खाणीत. हेही सीमेन्स व हाल्स्के यांचेच असून त्याला ‘डोरोथेआ’ असे नाव दिले होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लायकेन्स व्हॅली खाणीत १८८७ मध्ये विद्युत इंजिन आले आणि पुढील दोन दशकांत तेथील कोळसा-उद्योगाने ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारले.

या स्वीकाराची कारणे खाणीच्या अंतरंगात होती. वाफेचे इंजिन बोगद्यात धूर आणि आग घेऊन जाते. दाबलेल्या हवेवरचे इंजिन सुरक्षित खरे, पण त्यासाठी नळांचे जाळे लागते आणि टाकी पुन्हापुन्हा भरावी लागते. दोरखंडाने डबे ओढण्याची पद्धत सरळ वाटेवर सोयीची, फाटे फुटल्यावर अडचणीची. खेचरे दमतात, त्यांना चारापाणी लागते आणि थर जितका बुटका तितकी त्यांची चाल अवघड होते. वीज मात्र तारेने कोठेही नेता येते.

यातून इंजिनांचे तीन प्रमुख प्रकार विकसित झाले. मुख्य बोगद्यातून भरलेल्या डब्यांची लांब माळ ओढणारे जड इंजिन डोक्यावरच्या उघड्या तारेतून दांड्याच्या साहाय्याने वीज घेई. कोळसा काढण्याच्या कक्षांमधून एकेक डबा गोळा करणारे हलके इंजिन जेथे तार पोहोचत नसे तेथेही जाई, कारण त्याच्या पाठीवर विद्युत-केबलचे मोठे रीळ असे. ते उलगडत आत जायचे आणि गुंडाळत बाहेर यायचे. तिसरा प्रकार संचायक-बॅटरीवर चालणाऱ्या इंजिनाचा. ज्वालाग्राही वायू असलेल्या खाणीत उघड्या तारेवरची ठिणगी घातक असल्याने, विशेषतः ब्रिटनमध्ये, या प्रकाराला महत्त्व आले.

निर्मात्यांची नावे मोजकी पण भिन्न परंपरांतली आहेत. ओहायोतील कोलंबस येथील जेफ्री कंपनी आणि शिकागोची गुडमन कंपनी कोळसा कापणाऱ्या यंत्रांकडून इंजिनांकडे आल्या. गुडमनच्या पूर्वेतिहासात, पुढे जायरो-होकायंत्रामुळे प्रसिद्ध झालेल्या एल्मर स्पेरी यांनी १८८८ मध्ये शिकागोत काढलेली खाणयंत्रांची कंपनी येते. फिलाडेल्फियाचा बाल्डविन कारखाना वाफेच्या इंजिनांचा. त्याने १८९५ मध्ये वेस्टिंगहाउसशी करार करून विद्युत इंजिनांत प्रवेश केला. थॉमसन-ह्यूस्टन आणि एडिसन जनरल इलेक्ट्रिक यांच्या विलीनीकरणातून १८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक निर्माण झाली. बॅटरीच्या इंजिनांत क्लीव्हलंडची अ‍ॅटलस आणि सेंट लुईसची मान्चा या कंपन्या पुढे आल्या. ब्रिटनमध्ये लीड्सचा ग्रीनवुड अँड बॅटली, विनग्रोव्ह अँड रॉजर्स, इंग्लिश इलेक्ट्रिक यांची इंजिने भूगर्भात उतरली.

येथे एक बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्या यंत्राला स्त्रीचे नाव होते. त्यानंतरच्या हजारोंना फक्त क्रमांक मिळाले. खाणीचे इंजिन सूचीतून निवडण्याची वस्तू झाली. रुळांमधील अंतर, उंचीची मर्यादा, वजन आणि व्होल्टता एवढे कळवले की कारखाना ठरलेल्या आराखड्यात फेरफार करून ते पाठवी. एकाच घडणीची दोन इंजिने नजरेला सारखीच दिसत, आणि म्हणून त्यांचे वेगळेपण सांगण्याचा भार सर्वस्वी त्या लहानशा पट्टीवर आला.

३. पट्टीवरील मजकूर

हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव आणि शक नोंदवतो, त्या पुष्पिकेशी या पट्टीचे साम्य उघड आहे. दोन्ही मजकूर मुख्य कृतीच्या कडेला असतात, दोन्ही सूत्रबद्ध असतात आणि दोन्हींत जे गृहीत धरलेले असते ते न सांगितले गेल्याने पुढच्या वाचकाची अडचण होते. पुस्तकाबाहेरच्या, किंबहुना भाषेबाहेरच्याही चिन्हांना संहिता मानून त्यांच्या निर्मितीची व वापराची चिकित्सा करावी, हा डी. एफ. मॅकेन्झी यांनी १९८५ च्या पानिझी व्याख्यानांत मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो.

पट्टीवरील प्रत्येक घटकाचे स्वतंत्र वाचन करावे लागते. प्रथम निर्मात्याचे नाव. व्यापारी पेढ्यांची नावे भागीदारी आणि विलीनीकरण यांबरोबर बदलतात, त्यामुळे नावाचे नेमके रूप हेच कालनिर्णयाचे साधन होते. बाल्डविनच्या पट्टीवर ‘बर्नहॅम, विल्यम्स अँड कंपनी’ हे भागीदारांचे नाव असेल तर ती १८९१ ते १९०९ या काळातली. १९०९ मध्ये कारखान्याची नोंदणीकृत कंपनी झाल्यावर ते नाव उरले नाही. त्यातही इंजिन वेस्टिंगहाउसच्या सहकार्याने बांधलेले विद्युत इंजिन असेल तर पूर्वमर्यादा १८९५ पर्यंत पुढे सरकते. ‘सीमेन्स-शुकर्ट’ हे जोडनाव १९०३ पूर्वी असू शकत नाही. ‘जनरल इलेक्ट्रिक’ १८९२ पूर्वी नाही, ‘गुडमन’ १९०० पूर्वी नाही, ‘मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स’ १९१९ पूर्वी नाही. शिलालेखातील राजाच्या बिरुदावरून लेखाचा काळ ठरवावा तसाच हा प्रकार आहे.

दुसरा घटक कारखाना-क्रमांक. काही कारखान्यांत तो सर्व उत्पादनांना मिळून एकच चढता क्रम असे. बाल्डविनचा २०,००० वा क्रमांक १९०२ मध्ये, ५०,००० वा १९१८ मध्ये आणि ६०,००० वा १९२६ मध्ये गाठला गेला. हे शेवटचे इंजिन फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये आहे. या क्रमात वाफेची प्रचंड इंजिने आणि खाणीतली बुटकी विद्युत इंजिने शेजारी शेजारी बसतात. त्यामुळे क्रमांक वाचता आला की वर्षाच्या जवळ पोहोचता येते. परंतु क्रमांक मागणी नोंदवताना दिला की यंत्र पूर्ण झाल्यावर दिला, हे कारखान्या-कारखान्यानुसार वेगळे असू शकते आणि तेवढ्यापुरता निष्कर्ष सैल ठेवणे भाग असते.

तिसरा घटक एकस्व-तारखांचा. अमेरिकी विद्युत यंत्रांवर पुष्कळदा पेटंटांच्या तारखांची लांबलचक यादी असलेली पट्टी आढळते. त्यांतील सर्वांत अलीकडची तारीख ही त्या पट्टीची पूर्वमर्यादा होय. पट्टी त्याआधीची असणे शक्य नाही. मात्र तीच यादी वर्षानुवर्षे छापली जात असल्यामुळे उत्तरमर्यादा तिच्यावरून कळत नाही. या तारखेला ‘बांधणीचे वर्ष’ समजणे म्हणजे ग्रंथात उल्लेखिलेल्या शेवटच्या घटनेचे वर्ष हेच ग्रंथाचे रचनावर्ष मानण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट कर्तृत्वाची. विद्युत इंजिन अनेकदा दोन निर्मात्यांची संयुक्त कृती असते : चौकट, चाके व आस एकाचे, मोटरी व नियंत्रक दुसऱ्याचे. बाल्डविन-वेस्टिंगहाउस हे तिचे ठळक उदाहरण. महाराष्ट्रातील वाचकाला याचा दाखला खाणीबाहेरही सापडेल. मुंबई ते कुर्ला विद्युत गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झाल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटातील मालगाड्यांसाठी जी इंजिने आणली, त्यांचे यांत्रिक अंग स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यात व इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत घडले होते आणि विद्युत अंग मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचे होते. अशा वेळी ‘इंजिन कोणाचे?’ या प्रश्नाला एकवचनी उत्तर नसते. दोन पट्ट्यांपैकी एकच टिकली तर उरलेला कर्ता इतिहासातून गळतो.

४. साक्षींचा संघर्ष

अपपाठ जेथे उत्पन्न होतात त्या जागा ठरावीक आहेत. सर्वांत प्रचलित चूक मोटरवरच्या पट्टीला इंजिनाची पट्टी समजण्याची. मोटर जळली की ती काढून दुसऱ्या इंजिनावरची बसवणे हा खाणीच्या दुरुस्ती-कारखान्यातला रोजचा व्यवहार. त्यामुळे मोटरवरील क्रमांक फार तर त्या मोटरची ओळख देतो. भाषेने या घोटाळ्यात भर घातली आहे. अमेरिकी खाणकामगार संपूर्ण इंजिनालाच ‘मोटर’ म्हणत आणि चालकाला ‘मोटरमन’. मुंबईच्या लोकलमुळे हा दुसरा शब्द मराठीतही रुळलेला आहे. खाणीच्या जुन्या कागदांत ‘पाच टनी मोटर’ असा उल्लेख आला तर तो इंजिनाचा असतो, त्याच्या आतल्या विद्युत मोटरचा नव्हे. हा शब्दार्थ ठाऊक नसलेला वाचक कागद आणि पट्टी यांची चुकीची जोडी लावतो.

दुसरी चूक सुरक्षा-प्रमाणपत्राच्या क्रमांकाविषयीची. ब्रिटिश खाणींतील ज्वालारोधक विद्युत सामग्रीवर ‘एफएलपी’ ही अक्षरे आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असे. अमेरिकेत १९१० मध्ये स्थापन झालेल्या ब्यूरो ऑफ माइन्सने मान्य केलेल्या सामग्रीवर मान्यतेची स्वतंत्र पट्टी लावली जाई. हा क्रमांक एका नमुन्याला दिलेला असतो. त्या नमुन्याच्या प्रत्येक यंत्रावर तो सारखाच असतो. तिसरी चूक ओतीव भागांवरच्या साचा-क्रमांकाची : चाकावर किंवा आसपेटीच्या झाकणावर उठावात दिसणारे आकडे तो भाग कोणत्या साच्यातून ओतला ते सांगतात. चौथी चूक खाणमालकाने स्वतःच्या ताफ्यासाठी रंगवलेल्या क्रमांकाची. हा क्रमांक जुने इंजिन भंगारात गेल्यावर नव्याला दिला जाऊ शकतो, म्हणून एकाच ‘सात नंबर’च्या मागे दोन-तीन यंत्रे दडलेली असू शकतात.

मजकुराच्या वाचनातही अडथळे येतात. कित्येक पट्ट्यांवर नाव ओतलेले असते आणि क्रमांकाची जागा कोरी ठेवून तो नंतर पंचाने ठोकलेला असतो. रंगाचे थर, गंज आणि घासणे यांमुळे ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते. यावर उपाय पुराभिलेखाच्या अभ्यासकांना जुनाच आहे : तिरपा प्रकाश आणि कागदावर घेतलेला ठसा. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) सारख्या संपादनामागे झिजलेल्या अक्षरांशी जी झुंज असते, तिचेच हे छोटे रूप.

पट्टीची दुसरी साक्ष नोंदवहीची. कारखान्याच्या मागणी-नोंदींत क्रमांकासमोर गिऱ्हाइकाचे नाव, पाठवण्याचे ठिकाण, रुळांमधील अंतर, वजन, व्होल्टता असा तपशील असे. बाल्डविनच्या अशा कागदपत्रांचा मोठा भाग टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डीगॉलियर ग्रंथालयात आहे. पट्टीवरचा क्रमांक नोंदवहीत शोधला की मूक यंत्राला खाण मिळते. परंतु नोंदवही पहिल्या गिऱ्हाइकाशी थांबते. पुढची विक्री, दुसऱ्या खाणीकडे झालेले स्थलांतर, मोटरींची बदली यांचा तिला पत्ता नसतो. शिवाय यंत्र दलालाच्या नावाने मागवलेले असेल तर खाणीचे नाव मुळातच येत नाही.

तिसरी साक्ष यंत्राच्या देहाची. समजा, चौकटीवरच्या पट्टीचा क्रमांक नोंदवहीत सापडला आणि तेथे रुळांमधील अंतर ३६ इंच लिहिले आहे. इंजिन मोजल्यावर मात्र ते ४२ इंच भरले. येथे तीन शक्यता संभवतात : पट्टी दुसऱ्या इंजिनावरची आहे, क्रमांक चुकीचा वाचला गेला आहे किंवा इंजिनाचे अंतर नंतर बदलले आहे. तिसऱ्या शक्यतेचे चिन्ह देहावर उमटलेले असते : नवे आस, चौकटीला दिलेले जोड, आसपेट्यांखालच्या ठिगळपट्ट्या. ते नसेल तर पट्टीच्या छिद्रांकडे पाहावे लागते. मूळ छिद्रे पट्टीशी जुळतात की शेजारी बुजवलेली दुसरी छिद्रे आहेत? चौकटीवर वा आसाच्या टोकावर ठोकलेला क्रमांक रंगाखाली आहे काय? तो असेल आणि पट्टीशी जुळत असेल, तर अंतराची विसंगती असूनही ओळख टिकते.

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी वि. सी. सुखठणकर यांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत साक्षींच्या स्वातंत्र्यावर जो भर दिला, तो येथे उपयोगी पडतो. एकमेकींपासून स्वतंत्र अशा दोन परंपरांची सहमती ही एकाच परंपरेतील पुष्कळ पोथ्यांच्या सहमतीहून मोलाची असते. संग्रहालयाचा फलक, स्थानिक माहितीपुस्तिका आणि छायाचित्राखालची ओळ या तिन्ही ठिकाणी एकच वर्ष आढळले, तरी तिघांचा उगम त्याच एका मोटर-पट्टीच्या वाचनात असेल तर त्या तीन साक्षी नसून एकच आहे. उलट चौकटीवरचा ठोकलेला क्रमांक, नोंदवहीतील वजन आणि जुन्या छायाचित्रातील दांड्याची जागा या परस्परांना ‘न ओळखणाऱ्या’ गोष्टी जुळल्या, तर पट्टी हरवलेली असूनही ओळख बळकट ठरते.

ब्रिटनमधील औद्योगिक रेल्वेच्या अभ्यासकांनी या कामासाठी संकेतलिपीच घडवली आहे. निर्मात्याचे आद्याक्षर, कारखाना-क्रमांक, वर्ष आणि रचना यांची ते एका ओळीत नोंद करतात. चार चाकांच्या बॅटरी-इंजिनाला ‘४-डब्ल्यू-बीई’, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणाऱ्याला ‘४-डब्ल्यू-डब्ल्यूई’ असे संकेत आहेत. पुनर्बांधणीसाठी निराळे चिन्ह आहे. चिकित्सित आवृत्तीच्या तळटीपांतील पोथ्यांच्या संकेताक्षरांशी यांचे नाते सहज ध्यानात येते. विद्यापीठीय शिस्तीबाहेरच्या हौशी मंडळींनी आपल्या गरजेतून पाठभेद नोंदवण्याचे तंत्र उभे करावे, ही ज्ञानाच्या इतिहासातली नोंद घेण्याजोगी घटना आहे.

५. सुटी झालेली पट्टी

भारतीय पुराभिलेखविद्येत एक जुना नियम आहे : ताम्रपट ज्या गावी सापडला तेच दानाचे गाव, असे मानू नये, कारण ताम्रपट हलवता येतो. शिलालेख सहसा जागा सोडत नाही. ताम्रपट वारसांबरोबर, विकणाऱ्यांबरोबर, चोरांबरोबर प्रवास करतो. निर्मात्याची पट्टी ही ताम्रपटाच्या जातीची वस्तू आहे. चार रिबिटे तोडली की ती खिशात मावते. खाण बंद पडताना इंजिन वजनावर भंगारात जाते आणि पट्टी आठवण म्हणून कोणाच्या तरी घरी जाते. पुढे तिला संग्राहकांच्या बाजारात किंमत येते. ज्यामुळे यंत्र ओळखता आले असते ती वस्तू यंत्राहून अधिक मौल्यवान होते आणि टिकून राहिलेली इंजिनेही त्यापायी निनावी होतात. सचित्र पोथ्यांमधील चित्रे कापून स्वतंत्रपणे विकल्याने पोथी आणि चित्र या दोहोंचे जे नुकसान होते, त्याच प्रकारचे हे नुकसान आहे.

किंमत आली की नक्कलही येते. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त बनावट भारतीय लेखांची चर्चा केली, तेव्हा ताम्रपटांचे बनावटपण उघडकीला आणण्याच्या कसोट्या अक्षरवळण, मिती आणि वंशावळ या होत्या. ओतीव पट्टीच्या बाबतीत धातूच स्वतः एक कसोटी पुरवतो. मूळ पट्टीचाच साचा म्हणून उपयोग करून नवी पितळी पट्टी ओतली, तर थंड होताना धातू सुमारे दीड टक्का आकसतो. ३०० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीची प्रत साधारणपणे चार ते पाच मिलिमीटर लहान निघते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. प्रतीवरून प्रत केली तर आकुंचन पुन्हा एकदा होते. पोथ्यांच्या वंशवृक्षात प्रत्येक पिढीगणिक अपपाठ वाढावेत, तशी येथे प्रत्येक पिढीगणिक वस्तू मापाने घटते. दर्शनासाठी प्रामाणिकपणे बसवलेली प्रतिकृतीही, तसे लिहून ठेवले नाही तर, एका पिढीनंतर पुरावा म्हणून वाचली जाते.

६. ओळखीचे मोल

एवढी काटेकोर चिकित्सा कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. दहा टनी लोखंडी यंत्राचे वर्ष १९०८ की १९१८, याने काय बिघडते? उत्तर खाणकामाच्या सामाजिक इतिहासात आहे. तारेवरचे इंजिन येताच खेचरे हाकणाऱ्यांचे काम बदलले किंवा गेले. सेंट लुईसच्या मान्चा कंपनीने आपल्या बॅटरी-इंजिनाचे नावच ‘इलेक्ट्रिक म्यूल’ म्हणजे विजेचे खेचर असे ठेवले. जाहिरातीच्या या रूपकात विस्थापनाची कबुली सामावलेली आहे. दुसरीकडे, बुटक्या बोगद्यात डोक्याच्या उंचीवर उघडी विद्युत-तार आली. पट्टीवरचा २५० किंवा ५०० व्होल्टांचा आकडा अभियंत्यासाठी क्षमतेचा आहे; त्या तारेखालून वाकून चालणाऱ्या माणसासाठी तो धोक्याचा होता. केबल-रिळाचे इंजिन एखाद्या खाणीत कोणत्या वर्षी उतरले, यावरून तेथे कक्षांमधील ओढकाम केव्हा यांत्रिक झाले हे ठरते. बॅटरीच्या इंजिनावरील मान्यतेची पट्टी त्या खाणीतील वायूविषयी आणि त्याबाबत घेतलेल्या दक्षतेविषयी काही सांगते. चुकीचे वर्ष आणि चुकीची खाण चिकटवलेले इंजिन हा अशा प्रकारे श्रमाच्या इतिहासातील खोटा दस्तऐवज होतो.

त्याच वेळी पट्टीच्या मौनाचीही दखल घ्यावी लागते. ती निर्मात्याचे नाव सांगते, खरेदीदाराचे नाव नोंदवही सांगते. इंजिन चालवणाऱ्याचे, डबे जोडणाऱ्याचे, रूळ टाकणाऱ्याचे नाव या दोन्हींत नाही. ताम्रपटावर राजा, दानपात्र ब्राह्मण आणि कधी कोरणारा कारागीर यांची नावे असतात. शेत कसणाऱ्याचे सहसा नसते. दोन्ही ठिकाणी धातूवर कोरले जाते ते स्वामित्व आणि कर्तृत्व. कामगाराची खूण शोधायची तर ती यंत्राच्या देहावरच शोधावी लागते : चालकाच्या खोबणीतील झिजलेला ब्रेकचा दांडा, खाणीतच ठोकून बसवलेले ठिगळ, खडूने वा वेल्डिंगच्या काडीने उमटवलेली आद्याक्षरे. संग्रहालयासाठी यंत्र घासून, रंगवून ‘नवे’ करताना प्रथम पुसल्या जातात त्या याच खुणा. म्हणून रंग देण्यापूर्वीची नोंद ही पट्टीच्या वाचनाइतकीच महत्त्वाची ठरते.

या विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पट्टीवरील नाव, क्रमांक, तारीख व प्रमाणपत्र हे घटक वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. त्यांची सरमिसळ हे बहुतेक चुकीच्या अभिज्ञानांचे मूळ आहे. पट्टी, नोंदवही आणि देह या तीन साक्षींपैकी किमान दोन परस्परस्वतंत्र साक्षी जुळल्यावाचून ओळख निश्चित म्हणू नये. तोवर ती संभाव्य किंवा आरोपित म्हणून नोंदवावी. प्रत्येक ओळखीबरोबर तिचा आधार लिहावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ती तपासता येईल आणि गरज पडल्यास मोडता येईल. विसंगती आढळली तर ती झाकू नये. ३६ इंचांच्या नोंदीसमोर उभे असलेले ४२ इंचांचे इंजिन त्या नोंदीचा दोष असेल किंवा आपल्या दुसऱ्या आयुष्याची हकीकत सांगत असेल. चिकित्सित आवृत्तीत पाठभेद तळाशी राखून ठेवलेले असतात, म्हणून संहिता पुढच्या पिढीसाठी वाचनक्षम राहते. खाणीतून वर आलेल्या या यंत्रांच्या बाबतीतही संग्रहालयाच्या फलकावर एक आत्मविश्वासपूर्ण वर्ष लिहिण्यापेक्षा ते वर्ष कोणत्या पट्टीवरून घेतले आणि ती पट्टी कोठे जडवलेली होती, हे लिहून ठेवणे अधिक उपकारक ठरेल.